आईच्या गोळ्या आधी परातीत मांडा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. आई ५४ वर्षांची, गाव वडवणी तालुक्यात, तुम्ही चाकणला कंपनीत. आईनं पंधरा-सोळा हंगाम ऊस तोडला, आता दोन वर्षांपासून गुडघे धरलेत. गुडघ्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, सहा महिने झाले, मेडिकलमधून चिठ्ठीशिवायच येते. डोकं दुखलं की वेगळी गोळी. बीपीची गोळी आधीपासून होती, ती गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वाढवून दिली. सोबत गॅसची गोळी घेते, त्यामुळं 'काही होत नाही' असं तिला कुणीतरी सांगितलंय. तुम्हाला हवं आहे ते हे की, ही गोळी रोज चालते का, आणि चालत नसेल तर सगळ्यात सुरक्षित गोळी कोणती.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. बीड जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी बस स्टँडसमोर २६ वर्षं मेडिकल चालवतो. दुखण्याच्या गोळ्या हा आमच्या काउंटरवरचा सगळ्यात जास्त खपणारा माल. त्यामुळं तुमच्या आईसारख्या बायका मला रोज भेटतात, आणि त्यांना कुणी हे सविस्तर समजावून सांगत नाही हेही रोज दिसतं.

तुम्ही गोळीचं नाव विचारलंय, पण मला खटकली ती बीपीची वाढवलेली गोळी. गुडघ्याच्या बहुतेक गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. त्यानं बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा जोरही कमी पडतो. आई दवाखान्यात गेली, बीपी जास्त निघालं, डॉक्टरांनी औषध वाढवलं. गुडघ्याच्या गोळीचं आईनं सांगितलं नसणार, कारण तिच्या हिशेबी ते औषध नाहीच, ती 'दुखण्याची गोळी' आहे. वाढवून दिलेल्या गोळीत पुष्कळदा लघवीवाटे पाणी काढणारं औषध जोडलेलं असतं. म्हणजे गुडघ्याच्या गोळीमुळं वाढलेल्या बीपीवर आणखी एक औषध आलं, आणि आता ही तिन्ही मिळून किडनीवर ताण देताहेत. असंच झालं असेल असं मी इथं बसून म्हणू शकत नाही. पण काउंटरवर मी ही साखळी इतक्यांदा पाहिली आहे की आधी तिकडंच बघा असं सांगेन.

आईचं वजन, साखर, किडनीचा रिपोर्ट, आधी कधी पोटात अल्सर झाला होता का, दम्याचा त्रास आहे का, यातलं मला काहीच माहीत नाही. उत्तर बरंचसं त्यावर ठरतं. तीच गोळी तीस वर्षांच्या धडधाकट माणसानं पाय मुरगळला म्हणून तीन दिवस जेवून घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण बीपी असलेल्या बाईनं रक्त-लघवी न तपासता ती सहा महिने रोज घेणं, हे थांबायला पाहिजे. एवढं मात्र मी ठामपणे सांगतो.

दुखण्याच्या गोळ्यांची दोन कुळं आहेत, आणि ती ओळखता आली की अर्धं काम होतं.

पहिलं कूळ म्हणजे एकटं पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो वगैरे. ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सूज उतरवत नाही. पोटाला सोसतं, किडनीला त्यामानानं सौम्य. धोका यकृताला, तोही प्रमाण ओलांडलं तर. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांची वरची मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. पण आपल्याकडची किडकिडीत, चाळीस-पंचेचाळीस किलोची माणसं, म्हातारी माणसं, रोज दारू पिणारे, कावीळ होऊन गेलेले, यांना मी ३ ग्रॅमच्या पुढं जाऊ नका म्हणतो, आणि काहींना डॉक्टरांना विचारल्याशिवाय २ च्याही पुढं नाही.

दुसरं कूळ मोठं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, पिरॉक्सिकॅम, इटोरिकॉक्सिब, आणि जुनं ॲस्पिरिन. सूज आणि दुखणं दोन्हींवर चालतात, म्हणून लोकांना आवडतात. नावं दहा असली तरी खोड एकच: पोट, किडनी, बीपी, हृदय. यातल्या दोन एकदम घेतल्या तर आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. आईची गुडघ्याची गोळी बहुधा ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी जोडगोळी असेल, कारण आपल्या भागात सध्या तीच सर्रास जाते. डोक्याची गोळी कोणती आहे ते स्ट्रिप बघितल्यावरच कळेल.

आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही औषधं कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची आहेत, ती शेड्यूल 'एच'मध्ये येतात. म्हणूनच स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते. मेडिकलमध्ये सहज मिळते म्हणून गोळी साधी, हा समज आम्ही दुकानदारांनीच तयार केला आहे. सुरुवातीच्या काही वर्षांत मीही अशा गोळ्या मागतील तशा दिल्या. पहाटेच्या गाडीला जाणारा माणूस "भाऊ, आंग लई दुखायलंय, द्या दोन-चार" म्हणायचा आणि मी स्ट्रिप कापून द्यायचो. त्याला किडनीबद्दल, बीपीबद्दल एक शब्द विचारायचो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता मी विचारतो, आणि पुष्कळदा परत पाठवतो.

स्ट्रिप कापण्यावरून सांगतो. नाव, घटक आणि मुदतीची तारीख स्ट्रिपवर कुठं छापलेली असेल याचा नेम नसतो. कापून दिलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर बऱ्याचदा यातलं काहीच पूर्ण नसतं. मग घरात उशीखाली, देव्हाऱ्याजवळ, पिशवीत असे तुकडे साठतात, आणि कुठली कशाची ते रंगावरून ठरतं. "ती पिवळी द्या" असं मागणारी माणसं रोज येतात. पिवळ्या रंगाच्या वीस वेगळ्या गोळ्या माझ्या कपाटात आहेत.

मागच्या पावसाळ्यात एक मामा आले. अंगात कसर, सर्दी, सांधे आखडलेले. बंडीच्या खिशातून त्यांनी रुमाल काढला, रुमालात तीन तुकडे. मी मोबाईलचा उजेड पाडून उलट्या बाजूनं वाचायला लागलो. पहिला तुकडा सांध्याच्या गोळीचा: पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून दोनदा. दुसरा सर्दीच्या गोळीचा, त्यातही पॅरासिटामॉल ५००, तीनदा. तिसरी तापाची, पॅरासिटामॉल ६५०, तीही तीनदा. काउंटरवरच्या कागदावर बेरीज केली. ६५०, १५००, १९५०, एकूण ४१०० मिलिग्रॅम. मामांचं वजन ४५ किलोच्या आसपास. त्यांच्या हिशेबी तीन दुखण्यांना तीन वेगळी औषधं चालू होती, चूक त्यांची नव्हतीच. दोन दिवस असं चाललेलं. मी सगळ्या गोळ्या बंद करायला सांगून त्यांना ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासायला पाठवलं. यकृत ठीक निघालं, सुटले. पॅरासिटामॉलचं वाईट हे की जास्त झालं तरी पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर काही जाणवत नाही, माणूस बरा वाटतो, आणि खरी इजा दोन-तीन दिवसांनी दिसते. त्यावरचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टिन, तो आठ तासांच्या आत मिळाला तर सगळ्यात चांगला चालतो. म्हणून चुकून जास्त गेल्याचं कळलं तर त्रास व्हायची वाट बघायची नाही. सरळ १०८ ला फोन लावायचा किंवा मोठा दवाखाना गाठायचा.

आता किडनी. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आईचा खरा धोका मला तिथं दिसतो.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले आहात, दारं धरलेली असतील. पाटाला पाणी कमी आलं की आपण वाफ्याचं तोंड मोठं करतो, आणि वाफ्याची खालची वाट बुजवतो, म्हणजे असलेलं पाणी वाफ्यात उभं राहतं. किडनीही तसंच करते. अंगात पाणी कमी झालं की रक्त आत येणाऱ्या नळीचं तोंड ती मोठं करते आणि बाहेर जाणारी नळी आवळते, म्हणजे गाळायला पुरेसा दाब राहतो. दुखण्याची गोळी हे वरचं तोंड मोठं होऊ देत नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशी बीपीची औषधं खालची वाट मोकळी करतात. आणि पाणी काढणारी गोळी पाटातलंच पाणी कमी करते. एरवी बीपीची ही औषधं चांगली आहेत, किडनीचं रक्षणही करतात, त्यांना नावं ठेवू नका. पण तिन्ही एका अंगात, त्यात वैशाखातलं ऊन, रानातलं काम किंवा जुलाब-उलट्या, की वाफा कोरडा पडतो. किडनीनं गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा म्हणजे क्रिएटिनिन, ते चार दिवसांत दुप्पट झालेले रिपोर्ट मी पाहिलेत. वेळेत गोळी थांबवली आणि पाणी भरून निघालं तर बहुतेकांचं परत खाली येतं. महिनोन्‌महिने तसंच चाललं तर येतंच असं नाही.

तुमच्या आईची ही सवय सहा महिन्यांची नाही, फडातली असेल, असं मला वाटतं. दिवाळी झाली की कोयते निघायचे. पहाटे चारला उठून तोडणी, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायच्या, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापणार. अंग दुखलं म्हणून कोण बसू देणार? मग सकाळी चहाबरोबर गोळी. आणि फडात आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात. पंधरा-सोळा हंगाम अशी गोळी आणि असं पाणी झालं असेल तर किडनीचा हिशेब तिथपासून धरावा लागतो. आईला शांतपणे विचारा, तेव्हा किती घ्यायचीस. रागावू नका. ती गोळी खाऊनच तिनं घर चालवलंय.

रक्त तपासणीचा कागद आला की क्रिएटिनिनचा आकडा बघतात. इथंही एक फसगत आहे. लहानखुऱ्या बाईचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. साठीतल्या बाईचं १.३ आलं तर 'थोडंसंच वाढलंय' म्हणून कागद घडी करून ठेवतात, पण त्या वयाच्या बाईत १.३ म्हणजे किडनीचं काम निम्म्याच्या आसपास आलेलं असू शकतं. म्हणून लॅबवाल्याला 'ईजीएफआर', म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढून द्या म्हणा, आणि लघवीतलं प्रथिनही तपासा. सरकारी रुग्णालयात हे होतं. किडनी दुखत नाही. गुडघा बोंब मारतो म्हणून त्याचं औषध होतं, किडनी मुकी आहे. पायावर सूज, लघवीला फेस, भूक जाणं ही लक्षणं दिसेपर्यंत पुष्कळ वेळ गेलेला असतो.

एक आठवण सांगतो, थोडी आडवाटेची आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. आता पोरांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं. जनावरांना दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक टोचत होते, ते जनावर मेलं की औषध मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, आणि माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरत होते म्हणून २०१५ साली बाटली ३ मिलिलिटरचीच ठेवली. माणूस गिधाड नाही, आपल्याला इतक्या थोड्यानं काही होत नाही. पण हे औषध किडनीच्या वाटेनं किती खोल जाऊ शकतं ते मला त्या रिकाम्या आभाळानं शिकवलं.

गॅसच्या गोळीबद्दल. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जठरातलं आम्ल कमी करते, त्यामुळं दुखण्याच्या गोळीनं जठरात होणाऱ्या जखमेचा धोका कमी होतो. हे खरं आहे, आणि दुखण्याची गोळी घ्यावीच लागणार असेल तर डॉक्टर ती मुद्दाम जोडून देतात. पण ती किडनीला, बीपीला, हृदयाला वाचवत नाही. 'गॅसची गोळी आहे ना सोबत' हे वाक्य मी ज्या खात्रीनं ऐकतो, ती खात्री त्या गोळीत नाही.

पोटाचं बोलायचं तर उपाशीपोटी ही दुसऱ्या कुळातली गोळी नको, आणि नुसत्या चहावर घेणं म्हणजे उपाशीपोटीच. नवरात्रात तर मला धाकधूक असते. घट बसले की नऊ दिवस उपवास, त्यात काही जणी तुळजापूरला पायी निघतात, पाय सुजतात, मग रिकाम्या पोटी गोळी. देवीचं करायचं ते करा, पण त्या नऊ दिवसांत दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल घ्या, आणि पोटात राजगिऱ्याचा लाडू, दूध, काहीतरी असू द्या. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची झाली तर पोटात रक्त जातंय असं समजून त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आशाताईंकडच्या लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्यामुळं आई त्या घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

डोक्याच्या गोळीकडं वळू. डोकं दुखतं म्हणून महिन्यातून पंधरा दिवस किंवा जास्त, आणि एकात दोन-तीन औषधं असलेली मिश्र गोळी असेल तर दहा दिवसच, अशी तीन महिन्यांहून जास्त गोळी चालली की त्या गोळीनंच रोज डोकं दुखायला लागू शकतं. गोळी घेतली की उतरतं, तिचा असर गेला की परत. आईचं डोकं बीपीमुळं दुखतंय, चष्म्यामुळं की या गोळीमुळं, हे ठरवायला एक कॅलेंडर पुरेल. ज्या दिवशी गोळी घेतली त्या तारखेवर पेनानं फुली मारायला सांगा. महिन्याअखेर फुल्या मोजा आणि तो कागदच डॉक्टरांपुढं ठेवा.

याहून मला जास्त भीती वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. 'वाताचं औषध', 'सांध्याची पुडी', कुठल्या तरी बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून आणलेली, कागदात बांधलेल्या तीन-चार सुट्या गोळ्या किंवा भुकटी. दोन दिवसांत म्हातारं माणूस उठून चालायला लागतं, भूक लागते, तोंड भरतं, आणि सगळ्या वस्तीत नाव होतं. इतका झटपट गुण आला तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्यायची. काही महिन्यांनी तोंड गोल होतं, हातापायाची कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं पडतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आई अशी पुडी घेत असेल तर एक काळजी घ्या: ती घरच्या घरी एकदम बंद करू नका. बरेच महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं थांबवतं, आणि अचानक बंद केलं तर बीपी एकदम पडून जिवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा, ते हळूहळू कमी करतील.

मग गुडघ्यांचं करायचं काय? तुम्हाला खरं तर हेच हवंय, आणि यात मी फार मोठी आशा दाखवणार नाही. झिजलेला गुडघा कुठल्याच गोळीनं भरून येत नाही. पण दुखणं कमी होतं. डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्यावर दिवसातून तीन-चार वेळा लावलं तर बऱ्याच जणांना गोळीइतकाच आराम पडतो, आणि रक्तात औषध फार थोडं उतरतं. लोक ते एकदाच लावतात, तेही भसाभसा चोळून, आणि 'गुण नाही' म्हणतात. हलक्या हातानं लावायचं, निदान दोन आठवडे नेमानं, वरून गरम पिशवी किंवा घट्ट पट्टी नको, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. किडनी आधीच खराब निघाली तर मात्र मलमही डॉक्टरांना विचारूनच.

पॅरासिटामॉल गुडघ्यावर थोडंच चालतं, पण काहींना तेवढं पुरतं. जास्त दुखणाऱ्या दिवशी ५०० ची एक, लागली तर सहा तासांनी आणखी एक. गुडघ्याच्या जोडगोळीसोबत मात्र नाही, बेरीज आठवा.

बाकी मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम. खाटेवर पाय सोडून बसायचं, एक पाय सरळ वर, दहा आकडे मोजायचे, खाली. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीत बळ आलं की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी फरक दिसत नाही, आणि नेमकं तिथंच सगळे सोडतात. फोनवर रोज विचारत जा. भाकरी थापायला, निवडायला उकिडवं बसण्याऐवजी उंच पाटावर किंवा ओट्यापाशी काम. शौचाला कमोडची खुर्ची मिळते, ती भांड्यावर ठेवता येते. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरलं तरी गुडघ्याला कळतं. इतकं करूनही रात्री झोप येईना इतकं दुखत असेल, गुडघा लाल-गरम होत असेल किंवा सकाळी हाताची बोटंही आखडत असतील, तर ही नुसती झीज नसेल, हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.

तुमच्या प्रश्नाबाहेरचं पण घरात उपयोगी पडेल ते चटकन सांगतो. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढू शकतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात ॲस्पिरिन नाही, आणि निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदीच आहे. बाळाचे थेंब आणि सिरप यांत औषधाची ताकद वेगवेगळी असते. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपच्या चमच्यानं दिलं तर कित्येक पटीनं जास्त जातं, म्हणून सोबतचं टोपण किंवा ड्रॉपरच वापरायचा आणि डोस वजनावर ठरवून घ्यायचा. बाळंतपण जवळ आलेल्या सुनेला दुसऱ्या कुळातली गोळी अजिबात नको. पाचव्या महिन्यापासूनच टाळलेली बरी, पोटातल्या बाळाच्या किडनीवर आणि हृदयाच्या नळीवर परिणाम होतो. वडिलांना अटॅक येऊन गेला असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा गोळीनं पूर्वी दम लागला, अंगावर गांध्या उठल्या असतील, तर दुसऱ्या कुळातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि आईच्या बाबतीत लगेच दवाखाना कधी? लघवी एकदम कमी झाली, पाय-तोंड सुजलं, शी काळी किंवा उलटीत रक्त, डोळे पिवळे, छातीत दुखणं किंवा दम लागणं. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी गुडघ्याची गोळी पहिल्यांदा बंद. बीपीची गोळी चालू ठेवायची का, हे फोन करून डॉक्टरांना विचारायचं, मनानं बंद करायची नाही.

तुम्ही सुट्टीवर गावी याल तेव्हा एक संध्याकाळ यासाठी काढा. घरातली परात घ्या. उशीखालच्या, पिशवीतल्या, देव्हाऱ्यातल्या, पदराच्या गाठीतल्या, सगळ्या गोळ्या, पुड्या, मलमं तिच्यात मांडा. आईला जवळ बसवा आणि एकेक उचलून विचारा, ही कशाची, दिवसातून किती, कधीपासून. वहीत लिहा. ज्या तुकड्यावर नाव नाही तो बाजूला काढा, तो परत पोटात जायला नको. मग पूर्ण स्ट्रिपांचे उलट्या बाजूनं फोटो काढा आणि ती वही, ते फोटो घेऊन बीपीच्या डॉक्टरांकडंच जा. पहिलं वाक्य हे सांगा: "आई सहा महिने रोज दुखण्याची गोळी घेतेय, बीपी त्यानं वाढलं असेल का?" क्रिएटिनिन, लघवी, साखर तपासून घ्या. रिपोर्ट आला की आकडे मला लिहून कळवा. आईचं वजनही त्यात टाका.